गृहस्थाश्रमातील साधक : श्रीमद् राजचंद्र

पहाटे सामायिक करून, देवदर्शन वा गुरुवंदन आटोपून जो श्रावक दुकानाचे कुलूप उघडतो, त्याच्यापुढे रोज एक अवघड परीक्षा उभी असते. जळगावच्या फुले मार्केटमध्ये असो वा धुळ्याच्या आग्रा रोडवर, सकाळी प्रवचनात ऐकलेला अपरिग्रह दुपारी गल्ल्यापाशी टिकवून धरणे सोपे नसते. सायंकाळी प्रतिक्रमणास बसल्यावर दिवसभराचे सौदे डोळ्यांपुढून सरकू लागतात, आणि धर्म एका बाजूस व व्यवहार दुसऱ्या बाजूस अशी वाटणी मनानेच करून टाकलेली असते. घरातील कर्तव्यांचेही तसेच. वृद्ध आईवडील, पत्नी, मुले, भावंडे यांच्या पाशात राहून आत्मसाधना कशी व्हावी, ही खंत अनेकांच्या मनात आयुष्यभर राहून जाते.

साधू-साध्वींची चरित्रे जैन समाजास सदैव वंदनीय आहेत. परंतु ज्याने संसार सोडलेला नाही, ज्याच्या डोक्यावर पेढीची जबाबदारी आहे आणि घरी चार मुले वाट पाहत आहेत, अशा गृहस्थालाही स्वतःसारख्याच एखाद्याचे चरित्र जवळचे वाटते. असे एक तेजस्वी चरित्र म्हणजे श्रीमद् राजचंद्र. अवघे तेहतीस वर्षांचे आयुष्य, त्यातील सुमारे दहा वर्षे मुंबईच्या जवाहिराच्या व्यापारात, आणि अखेरीस दीर्घ आजार. त्यांनी साधुवेश धारण केला नाही. आप्तांच्या सान्निध्यातच त्यांनी देह ठेवला. संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात या पुण्यपुरुषाचे स्मरण करणे म्हणजे गृहस्थाश्रमाकडे नव्या दृष्टीने पाहणे होय.

बालपण आणि संस्कार

सौराष्ट्रातील मोरबी संस्थानात ववाणिया नावाचे एक लहानसे बंदर आहे. तेथे विक्रम संवत १९२४च्या कार्तिक पौर्णिमेस, म्हणजे सन १८६७च्या नोव्हेंबर महिन्यात, रावजीभाई मेहता व देवबाई यांच्या पोटी एका पुत्राचा जन्म झाला. प्रारंभी त्याचे नाव लक्ष्मीनंदन असे होते. पुढे ते बदलून रायचंद ठेवण्यात आले. पितृकुल वैष्णव परंपरेतील. आजोबा पंचाणभाई श्रीकृष्णाचे भक्त, तर आई देवबाई जैन संस्कारांत वाढलेली. एकाच घरात दोन परंपरांचे पाणी मिळाल्यामुळे या बालकाच्या मनात कोणत्याही मताविषयी कडवटपणा कधी रुजला नाही. आजोबांच्या भक्तीमुळे त्याचा ओढा आरंभी वैष्णव मार्गाकडे होता. पुढे प्रतिक्रमणसूत्रे त्याच्या हाती आली. त्यांत प्राणिमात्राकडे मागितलेली क्षमा त्याच्या कोवळ्या अंतःकरणाला स्पर्शून गेली आणि जैन धर्माविषयीची प्रीती उत्तरोत्तर वाढत गेली.

वयाच्या सातव्या वर्षी घडलेला प्रसंग सर्व चरित्रग्रंथांत आढळतो. गावातील अमीचंद नावाचे एक परिचित गृहस्थ सर्पदंशाने निवर्तले. मृत्यू म्हणजे काय, हे बालकास ठाऊक नव्हते. घरच्यांनी उत्तर टाळले, तेव्हा तो लपतछपत तलावाकाठी गेला आणि बाभळीच्या झाडावर चढून त्याने जळती चिता पाहिली. कालपर्यंत बोलणारा, लाड करणारा माणूस आज अग्नीच्या स्वाधीन केला जात आहे, हे पाहून त्याच्या मनात विचारांचे वादळ उठले. त्यातूनच त्यास जातिस्मरण, म्हणजे पूर्वभवांचे स्मरण झाले, अशी श्रद्धा आहे. मृत्यूशी झालेली ही पहिली ओळख त्यांच्या चित्तातून पुढे कधी पुसली गेली नाही. सव्वीस वर्षांनंतर स्वतःच्या अंतकाळी जी स्वस्थता त्यांच्या ठायी दिसली, तिचे बीज त्या तलावाकाठी पडले होते.

बुद्धी विलक्षण तीव्र असल्याने शाळेतील सात इयत्तांचा अभ्यास त्यांनी सुमारे दोन वर्षांत पूर्ण केला. तेराव्या वर्षाच्या सुमारास ते वडिलांच्या दुकानावर बसू लागले. तेथेही वाचन व काव्यरचना चालूच असे. त्या दिवसांविषयी त्यांनी पुढे स्वतःच नमूद करून ठेवले आहे की, दुकानावर असताना आपण कोणास कमीअधिक भाव सांगितला नाही, की कोणास वजनात कमी माल दिला नाही. तागडी हाती आली त्याच वयात सचोटीही अंगी बाणली.

सोळा वर्षे पाच महिन्यांचे वय असताना त्यांनी मोरबी येथे अवघ्या तीन दिवसांत मोक्षमाला हा एकशे आठ पाठांचा ग्रंथ लिहिला. जैन धर्माची तत्त्वे तरुणांना सुबोध रीतीने समजावीत, हा त्यामागील हेतू होता.

कीर्तीकडे पाठ

त्याच सुमारास त्यांच्या अवधानशक्तीची ख्याती सर्वत्र पसरू लागली. अवधान म्हणजे एकाच वेळी अनेक विषय चित्तात धरून त्यांपैकी एकही न विसरता क्रमाने पूर्ण करणे. मोरबीत त्यांनी प्रथम बारा, मग सोळा अवधाने केली. बोटाद येथे बावन्न केली. सन १८८७ मध्ये मुंबईच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये विद्वानांच्या भरगच्च सभेत त्यांनी शंभर अवधाने करून दाखवली, तेव्हा त्यांचे वय वीसही पूर्ण नव्हते. सुवर्णपदक मिळाले आणि साक्षात सरस्वती ही पदवी देण्यात आली. मुंबई उच्च न्यायालयाचे तत्कालीन मुख्य न्यायाधीश सर चार्ल्स सार्जंट यांनी त्यांना युरोपात जाऊन हे प्रयोग करण्याचे सुचविले. तेथे धन आणि कीर्ती दोन्ही हात जोडून उभ्या होत्या. परंतु राजचंद्रांनी ते आमंत्रण नाकारले. अशा प्रयोगांनी लोक थक्क होतात, स्वतःचा आत्मा मात्र होता तेथेच राहतो, हे जाणून त्यांनी लवकरच जाहीर अवधाने पूर्णपणे थांबवली. विशीतील तरुणाने टाळ्यांचा मोह इतक्या सहजतेने सोडावा, ही गोष्ट सामान्य नव्हे.

पेढीवरील धर्म

सन १८८८ मध्ये त्यांचा विवाह झबकबाई यांच्याशी झाला. झबकबाई या डॉ. प्राणजीवनदास मेहता यांच्या थोरल्या बंधूंच्या कन्या. त्यानंतर राजचंद्र मुंबईस येऊन रेवाशंकर जगजीवन यांच्या पेढीत भागीदार झाले. हिरे, मोती आणि इतर मालाचा हा व्यापार दूरवर पसरलेला होता. याच रेवाशंकरभाईंच्या मालकीचे मुंबईतील मणिभवन पुढे महात्मा गांधींचे निवासस्थान म्हणून सर्वांस परिचित झाले.

राजचंद्रांची पेढीवर बसण्याची रीत ज्यांनी पाहिली, त्यांना ती विसरता आली नाही. समोर वहीखाते, शेजारी धर्मग्रंथ आणि एक रोजनिशी. लाखो रुपयांचा सौदा बोलून होई, कागदांवर सह्या होत, आणि लगेच त्यांचा हात ग्रंथाकडे किंवा रोजनिशीकडे जाई. सौदा मनात रेंगाळत नसे. रत्नांची पारख करण्यात त्यांचा हात धरणारे थोडेच होते. तरीही त्यांची वृत्ती त्या रत्नांत गुंतलेली कोणी पाहिली नाही. पोशाख साधा : धोतर, पैरण, अंगरखा आणि डोक्यास पागोटे. तोही नेहमी इस्त्रीचा असे असे नाही. खुर्ची मिळो वा जमिनीवर बसावे लागो, त्यांस दोन्ही सारखेच.

त्यांच्या व्यापारातील दोन प्रसंग चरित्रग्रंथांत सांगितले जातात. मुंबईत मोत्यांचा व्यापार करणाऱ्या एका अरबाच्या धाकट्या भावाने थोरल्यास न विचारता मोत्यांचा मोठा माल राजचंद्रांना विकला. थोरल्या भावाला हे कळले तेव्हा तो हादरला, कारण ठरावीक किमतीखाली तो माल विकू नये अशी मालकाची सूचना होती. धाकटा भाऊ रडवेला होऊन राजचंद्रांकडे आला. सौदा पुरा झालेला होता, पैसे चुकते झाले होते, माल हाती होता आणि नफा निश्चित होता. कायद्याने त्यांस कोणी काही म्हणू शकत नव्हते. राजचंद्रांनी मोत्यांची पुडी जशीच्या तशी त्याच्या स्वाधीन केली आणि दिलेली रक्कम परत घेऊन मोठ्या नफ्यावर पाणी सोडले.

दुसरा प्रसंग हिऱ्यांच्या सौद्याचा. एका व्यापाऱ्याने ठरावीक मुदतीत ठरावीक भावाने माल देण्याचा करार लिहून दिला. दरम्यान भाव अतोनात चढले. करार पाळायचा तर त्या व्यापाऱ्याचे घरदार विकले जाणार होते. राजचंद्र स्वतः त्याच्या पेढीवर गेले. त्या माणसाने घाबरत घाबरत मुदत मागितली. राजचंद्रांनी करारपत्र हाती घेऊन फाडून टाकले. आपल्या हक्काचा नफा दुसऱ्याच्या सर्वनाशातून येणार असेल, तर तो त्यांना नको होता. अहिंसेचा अर्थ केवळ जीवजंतूंचे रक्षण एवढाच नसून प्रतिपक्षाच्या चुलीचाही त्यात विचार आहे, हे त्यांनी व्याख्यान न देता दाखवून दिले.

कुटुंबवत्सल गृहस्थ

राजचंद्रांना दोन पुत्र व दोन कन्या झाल्या : छगनलाल, जवलबेन, काशीबेन आणि रतिलाल. घरी आईवडील होते, धाकटे बंधू मनसुखभाई होते, बहिणी होत्या. अशा भरल्या कुटुंबातील ते कर्ते पुत्र. अंतरी वैराग्याची ज्योत अखंड तेवत असताना बाहेर त्यांनी एकाही नात्याची उपेक्षा केली नाही. संसार आपल्याला पूर्वकर्मांच्या उदयाने प्राप्त झाला आहे. तो उदय शांतपणे, कोणालाही न दुखावता भोगून संपवावा, अशी त्यांची धारणा होती. व्यवसायातून मोकळे व्हावे ही तळमळ त्यांच्या अनेक पत्रांतून दिसते. परंतु भागीदारांचे व्यवहार अर्धवट टाकून, घरच्यांस वाऱ्यावर सोडून निघून जाणे त्यांना मान्य नव्हते.

कुटुंबातील सेवेविषयी त्यांची दृष्टी किती सूक्ष्म होती, हे गांधीजींनी नोंदविलेल्या एका संभाषणावरून कळते. इंग्लंडचे पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या पत्नी पतीसाठी पार्लमेंटातही स्वतःच्या हाताने चहा करून देत, या पतिप्रेमाचे गांधीजींनी कौतुक केले. त्यावर राजचंद्रांनी त्यांना विचार करण्यास लावले की, हीच सेवा एखाद्या बहिणीने अथवा एखाद्या नोकराने तितक्याच मायेने केली असती, तर तिचे मोल अधिक मानावे की कमी. नात्यातील हक्कापेक्षा निरपेक्ष सेवेची थोरवी त्यांनी गांधीजींच्या मनावर ठसविली. गांधीजींच्या जीवनातील ब्रह्मचर्याच्या विचाराला या संभाषणाने चालना मिळाली.

त्यांचे खरे आप्त केवळ रक्ताचे नव्हते. सायल्याचे सौभागभाई, खंभातचे अंबालाल, मुनिश्री लल्लुजी असे अनेक जिज्ञासू त्यांच्याशी पत्रांनी जोडलेले होते. सौभागभाई वयाने त्यांच्याहून पुष्कळ मोठे, तरीही त्यांना गुरुस्थानी मानणारे. त्यांच्याच विनंतीवरून सन १८९६ च्या आश्विन महिन्यात नडियाद येथे एका बैठकीत राजचंद्रांनी एकशे बेचाळीस गाथांचे आत्मसिद्धिशास्त्र रचले. ते लिहीत असताना अंबालाल कंदील हाती धरून उभे होते. पुढच्याच वर्षी सौभागभाई निवर्तले. आपल्या माणसाच्या अखेरच्या दिवसांत त्याचे चित्त आत्म्याकडे वळवावे, यासाठी राजचंद्रांनी त्यांना लिहिलेली पत्रे आजही रुग्णशय्येजवळ वाचावीत अशी आहेत.

गांधीजींचे मार्गदर्शक

सन १८९१ च्या जुलैमध्ये बॅरिस्टर होऊन गांधीजी मुंबई बंदरात उतरले. मातोश्री निवर्तल्याची वार्ता त्यांस तेव्हाच कळली होती. डॉ. प्राणजीवनदास मेहता त्यांना आपल्या घरी घेऊन गेले आणि तेथे राजचंद्रांशी त्यांची भेट झाली. गांधीजी एकवीस वर्षांचे, राजचंद्र त्यांच्याहून दोनच वर्षांनी मोठे. स्मरणशक्तीचा चमत्कार पाहून गांधीजींना कौतुक वाटले. परंतु त्यांच्या मनावर खरी छाप पडली ती राजचंद्रांच्या निर्मळ चारित्र्याची आणि आत्मदर्शनाच्या तळमळीची.

पुढे दक्षिण आफ्रिकेत ख्रिस्ती व मुस्लिम स्नेह्यांशी होणाऱ्या चर्चांमुळे गांधीजींच्या मनात धर्माविषयी शंका उत्पन्न झाल्या. सन १८९४ मध्ये त्यांनी सत्तावीस प्रश्न लिहून राजचंद्रांकडे पाठविले. राजचंद्रांनी आत्मा, ईश्वर, मोक्ष यांविषयीच्या त्या प्रश्नांची सविस्तर उत्तरे दिली. त्या उत्तरांनी गांधीजींच्या मनास स्थैर्य लाभले. येरवड्याच्या तुरुंगात असताना गांधीजींनी राजचंद्रांच्या आठवणी लिहावयास घेतल्या आणि त्या सन १९२६ मध्ये प्रसिद्ध झाल्या. टॉल्स्टॉय व रस्किन यांनी गांधीजींवर ग्रंथांद्वारे प्रभाव पाडला. राजचंद्रांनी तो प्रत्यक्ष सहवासाने पाडला.

खानदेशाच्या भूमीलाही या प्रवाहाचा स्पर्श झाला आहे. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूर येथे काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, तेव्हा गांधीजी येथे आले होते. सन २०१२ मध्ये जळगावच्या जैन हिल्सवर गांधीतीर्थ उभे राहिले. गांधीजींच्या अहिंसेचे मूळ शोधत जो मागे जाईल, त्यास वाटेत ववाणियाच्या या जवाहिऱ्याची भेट घडल्यावाचून राहणार नाही.

दीर्घ आजार

राजचंद्रांची जी छायाचित्रे आज घरोघरी व ज्ञानमंदिरांतून दिसतात, त्यांपैकी दोन विशेष परिचित आहेत : एक पद्मासनातील, दुसरे कायोत्सर्ग मुद्रेतील. छातीच्या फासळ्या मोजता याव्यात इतका देह कृश झालेला, आणि दृष्टी मात्र निश्चल. भाविक ती मुद्रा तपस्व्याची म्हणून वंदितात. ती तपस्व्याची आहेच. पण ती एका रुग्णाचीही आहे. वढवाण येथे ही छायाचित्रे घेतली गेली, तेव्हा दीर्घ दुखण्याने त्यांचे शरीर पोखरलेले होते.

विक्रम संवत १९५६ हे वर्ष देशाच्या स्मरणात छपन्नाचा दुष्काळ म्हणून राहिले आहे. सन १८९९-१९०० च्या त्या भीषण काळाने गुजरात व सौराष्ट्राप्रमाणे खानदेशासही होरपळून काढले. याच सुमारास राजचंद्र व्यापारातून निवृत्त झाले. स्त्री व धन यांच्या त्यागाचा संकल्प करून आता केवळ आत्मसाधना करावयाची, असा त्यांचा निर्धार झाला होता. वर्षानुवर्षे ज्या मोकळिकीची वाट पाहिली, ती दाराशी आली आणि नेमके त्याच वेळी शरीराने साथ सोडली. पचनशक्ती पार मंदावली, संग्रहणीसारख्या विकाराने देह दिवसेंदिवस क्षीण होऊ लागला.

कुटुंबीयांनी उपचारांत काही कमी पडू दिले नाही. हवापालटासाठी धरमपूर, अहमदाबाद, वढवाण, समुद्रकाठचे तिथल अशा ठिकाणी मुक्काम हलविण्यात आले. एका गावी थोडा आराम वाटावा, आशा वाढावी, आणि पुन्हा प्रकृती ढासळावी, असे चालले होते. ज्या घरांनी दीर्घ आजार पाहिला आहे, त्यांना हा क्रम सांगावा लागत नाही. रुग्णापेक्षा उशाशी बसणाऱ्यांची परीक्षा अशा वेळी अधिक कठीण असते. झबकबाईंचे वय तरुण, पदरी चार अजाण मुले. आईवडिलांच्या डोळ्यांसमोर कर्ता मुलगा झिजत चाललेला. चरित्रग्रंथ राजचंद्रांच्या समतेचे सविस्तर वर्णन करतात, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या समतेभोवती रात्रंदिवस जागणारे हे घरही तितक्याच आदराने आठवले पाहिजे.

अशा अवस्थेतही त्यांनी कार्य थांबविले नाही. प्राचीन आचार्यांचे ग्रंथ प्रकाशित व्हावेत यासाठी सन १९०० मध्ये त्यांच्या प्रेरणेने परमश्रुत प्रभावक मंडळाची स्थापना झाली. स्वतःचा श्वास अपुरा पडत असताना ज्ञानाच्या परंपरेचा श्वास खुंटू नये, ही चिंता त्यांना होती. या मंडळाने दिगंबर व श्वेतांबर अशा दोन्ही परंपरांच्या आचार्यांचे ग्रंथ प्रकाशित केले.

आईची अनुमती

या काळातील एक गोष्ट अंतःकरण हलविणारी आहे. सर्वसंगपरित्याग करून दीक्षा घ्यावी, अशी राजचंद्रांची उत्कट इच्छा होती. त्यासाठी त्यांनी आईजवळ अनुमती मागितली. देवबाईंना पुत्राची योग्यता ठाऊक होती. तरीही आईचे हृदय ते. आजारी मुलाला नजरेआड जाऊ देण्यास त्या धजावल्या नाहीत.

राजचंद्रांनी आईचे मन मोडले नाही. श्वेतांबर परंपरेनुसार भगवान महावीरांनी मातापिता हयात असेपर्यंत दीक्षा न घेण्याचा संकल्प गर्भावस्थेतच केला होता, आणि पुढे थोरले बंधू नंदिवर्धन यांच्या विनंतीस मान देऊन आणखी दोन वर्षे ते घरी राहिले. त्या परंपरेत वाढलेल्या राजचंद्रांनीही आईच्या ममतेपुढे स्वतःची इच्छा बाजूस ठेवली. वेश राहून गेला. त्यागाचे फळ मात्र त्यांच्यापासून कोणी हिरावून घेऊ शकले नाही. जे दीक्षेने साधावयाचे, ते त्यांनी रोगशय्येवर साधले. देहाला होणारी वेदना जाणणारा मी निराळा, ही त्यांची शिकवण आता त्यांच्याच देहावर कसोटीस लागली होती.

अखेरचा दिवस

शेवटचा मुक्काम राजकोट येथे होता. देहत्यागाच्या काही दिवस आधी, चैत्र शुद्ध नवमीस, त्यांनी आपले अखेरचे काव्य सांगितले आणि ते लिहून घेण्यात आले. क्षीण देहातून उमटलेल्या त्या रचनेत आजाराची तक्रार नाही. आत्मसुखाची इच्छा करणाऱ्या साधकासाठी मार्गाचे दिग्दर्शन आहे.

अंत समीप आल्याचे जाणून त्यांनी आप्तांस धीर दिला. आत्मा शाश्वत आहे, कोणी शोक करू नये, असे ते सांगत राहिले. चैत्र वद्य पंचमी, विक्रम संवत १९५७, अर्थात ९ एप्रिल १९०१, मंगळवार. सकाळी पावणेनऊच्या सुमारास त्यांनी धाकट्या बंधूस जवळ बोलावले. मनसुखभाईंना त्यांनी दुःख करू नकोस असे सांगितले, आईची काळजी घेण्यास सांगितले, आणि आपण आत्मस्वरूपात लीन होत असल्याचे सूचित केले. त्यानंतर त्यांनी बोलणे थांबविले. सुमारे पाच तास ते समाधिस्थ अवस्थेत होते. दुपारी दोनच्या सुमारास प्राणज्योत मालवली. मुखावर वेदनेची छाया नव्हती, असे जवळ असणाऱ्यांनी नोंदवून ठेवले आहे. आजी नदीच्या तीरावर अंत्यसंस्कार झाले. गांधीजी त्या वेळी दक्षिण आफ्रिकेत होते.

ज्याने आयुष्यभर देह आणि आत्मा यांचे भेदज्ञान सांगितले, त्याच्या मुखातील शेवटच्या शब्दांत आईची आठवण होती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. वैराग्य म्हणजे कोरडेपणा, असा समज ज्यांच्या मनात आहे, त्यांनी हा क्षण विसरू नये. आसक्ती गळून गेली होती. माया मात्र अधिक शुद्ध होऊन उरली होती. आईने अनुमती दिली नाही याचा रोष तर सोडाच, तिच्या पुढील दिवसांची चिंता त्यांनी भावाच्या हाती सोपविली आणि मगच ते निघाले.

आजच्या घरांसाठी

राजचंद्रांना जाऊन सव्वाशे वर्षे झाली. लल्लुजी मुनी, ज्यांना पुढे लघुराजस्वामी म्हणून ओळखले गेले, त्यांच्या प्रेरणेने अगास येथे आश्रम उभा राहिला. त्यांची पत्रे व लेखन एका बृहद्ग्रंथात संकलित झाले. सन २०१७ मध्ये त्यांच्या जन्माच्या सार्धशताब्दीनिमित्त भारत सरकारने टपाल तिकीट व नाणी काढून त्यांचा गौरव केला. तथापि खरे स्मारक तिकिटावर वा नाण्यावर नसते. ते सौदा करताना डगमगणाऱ्या मनात आणि आजारी माणसाच्या उशाशी बसलेल्या घरात असते.

आज उपचार पुष्कळ सुधारले आहेत. रुग्ण अनेक महिने, प्रसंगी अनेक वर्षे अंथरुणावर असतो. घरातील लोक खर्चाने, जागरणाने आणि अनिश्चिततेने थकून जातात. अशा वेळी राजचंद्रांच्या चरित्रातून दोन गोष्टी घेता येतील. रुग्णाने घ्यावयाची ती समता : व्याधी देहाची आहे, तिने चित्ताचा ताबा घेऊ नये. आणि कुटुंबाने घ्यावयाची ती सेवा : हक्काच्या नात्याने नव्हे, तर निरपेक्ष भावनेने केलेली. रुग्णाच्या खोलीत वाटणीच्या व हिशेबाच्या गोष्टी बोलू नयेत. त्याच्या कानी नवकार पडावा, आवडीचे स्तवन पडावे, ज्यांच्याशी अबोला असेल त्यांच्याशी मिच्छामि दुक्कडम् व्हावे. संध्याकाळी दिवा लागल्यावर नातवंडाने घटकाभर जवळ बसावे. यांपैकी कशासही पैसा लागत नाही.

धर्माने व्यवहार सोडावयास सांगितलेला नाही. त्यात शुद्ध राहावयास सांगितले आहे. संसाराची जबाबदारी पेलताना ज्यांनी आत्म्याचा विसर पडू दिला नाही, मोत्यांची पुडी परत करताना ज्यांचा हात थरथरला नाही आणि मृत्यूच्या दारात ज्यांना आपली आई आठवली, त्या गृहस्थ-साधकाच्या पावन स्मृतीस सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी सकल समाजाच्या वतीने भावपूर्ण वंदन.